ऐनाचं पाणी
काशीदच्या हॉटेलांसाठी जिताडे मासे सोलताना उरलेली कातडी मी आजवर कुत्र्यांना टाकायचे. बचत गटाच्या शिबिरात कळलं, की तिचंही चामडं होतं, पाकिटं शिवता येतात. मी दोन कातड्या खरवडल्या, चुन्याच्या पाण्यात भिजवून धुतल्या आणि ऐनाच्या झाडाची साल आणली. साल पाहून माझे सासरे उठलेच. मासेमारीची जाळी सुती होती तेव्हा ती टिकावीत म्हणून ते याच सालीच्या पाण्यात रंगवायचे. नायलॉन आल्यापासून त्यांचं तांब्याचं भांडं माळ्यावर पडून होतं. ते त्यांनी खाली काढलं आणि साल उकळत ठेवली. “बाबा, पाणी निवू द्या. शिबिरात तसंच सांगितलंय.” “मना नको शिकवू. या हातांनी शेकडो जाली रंगवली.” त्यांनी एक कातडी उकळत्या पाण्यात सोडली. ती आखडली आणि बघता बघता विरघळून खळीसारखी चिकट झाली. ते बराच वेळ ती बोटांवर चोळून बघत राहिले. “सूत शिजत नाय,” ते पुटपुटले, “ही शिजली.” दुसरी कातडी त्यांनी पाणी निवल्यावर टाकली. मग आठ दिवस दर तासाला ते भांड्यात हात घालून ती उलटीपालटी करत होते. नवव्या दिवशी आम्ही ती बाहेर काढली, सावलीत वाळवली, खोबरेल चोळलं. मऊ, तांबूस चामडं झालं होतं. बाबांचा हातही मनगटापर्यंत त्याच रंगाचा. मी साबण पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला. “ऱ्हाऊ दे. पन्नास वर्सांनी परत रंगलाय.”