लोखंडबंदी

विश्वजितचं अतिथंड यंत्र हृदयाच्या ठोक्यातलं चुंबकत्वही टिपायचं, पण जवळपास लोखंड हललं की बिथरायचं. म्हणून तो लॅबच्या दारातच सगळ्यांचे बेल्ट, किल्ल्या, साडीच्या पिनासुद्धा काढून घ्यायचा. ममताच्या पायात सळई होती, तिला तर त्याने कामावरूनच काढलं. "यार ममता, मनाला लावून घेऊ नकोस."

तरी यंत्र बिथरायचंच. शेवटी साहेबांनी त्यालाही नारळ दिला. बाबांनी पाठीसाठी शिवून दिलेली खुर्चीतली उशी काखोटीला मारून तो गाझियाबादच्या नव्या फ्लॅटवर परतला.

 

रिटायर्ड सुभेदार बाबांनी उशी उसवली, आतली काळ्या घोड्याची नाल काढली आणि हळहळले, "नशिबाला एक पुरत नाही रे. पुढच्या नोकरीला दोन घालू."