थाप

"उजवा हात दे," निवृत्ती वस्ताद म्हणाले.

समर्थनं हात पुढं केला. वस्ताद त्याच्या बोटांच्या बेचक्यांतून पांढरी पट्टी फिरवू लागले. बाहेर हॉलमध्ये ढोल वाजत होते. पिंजऱ्यातली लढत, तीही विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी, समर्थच्या वाट्याला नाशकात पहिल्यांदाच आली होती. सायखेड्याहून, त्याच्या गावाहून, टेम्पो भरून माणसं आली होती.

"गुडघा बोलायला लागलाय तुझा," वस्ताद म्हणाले. "ही शेवटचीच समज. पट्टा घे आणि सुखानं घरी बस."

"हो."

"आणि ऐक. हात अडकला, गळा धरला, तर थाप मार. लाजू नको."

जगभर त्याला टॅप म्हणतात. डाव सुटत नाही असं दिसलं की समोरच्याच्या अंगावर नाहीतर जमिनीवर तळहात आपटायचा. पंच लढत थांबवतो, समोरचा जिंकतो. तालमीच्या मातीत वाढलेले वस्ताद मात्र थापच म्हणायचे.

"थापा मारायला मी काय पुढारी हाय का?" समर्थ नेहमीचंच बोलला.

वस्ताद नेहमीसारखे हसले नाहीत.

सगळ्या कारकिर्दीत समर्थनं एकदाही थाप मारली नव्हती. सरावातसुद्धा नाही. दिल्लीत कोपर निखळलं, तरी नाही. पोस्टरवर त्याच्या नावाखाली तेच छापायचे. गोव्यात एकानं मागून गळा आवळला, तेव्हाही त्याचा हात उचलला गेला नाही. डोळ्यांपुढं काळोख आला. शुद्ध आली तेव्हा पिंजऱ्याची जाळी धरून संजना उभी होती. कडेवर हर्षाली. लेक रडत होती. बायको रडत नव्हती.

सायखेड्याला आल्यावर तिनं पिशवी भरली.

"हरलो म्हणून चाललीस?"

"हरला म्हणून नवऱ्याला कोण सोडतं? थाप मारली नाहीत म्हणून जाते. पोरीचा बाप असा निपचित पडलेला मला परत बघायचा नाही." उंबऱ्यात ती थांबली. "ज्या दिवशी माराल ना, त्या दिवशी निरोप पाठवू नका. मी बघेन. माझी मी येईन."

ती सटाण्याला, माहेरी गेली. मागं घर होतं, घरात चूल होती, चुलीला हात नव्हता. अंगणात शेवंती फुलायची, शेवंतीला वेणी नव्हती. लढतीच्या दिवशी तेवढा तिचा मेसेज यायचा. "बघितलं. लागलं का?" तो "थोडं" असं लिहायचा आणि फोन छातीवर ठेवून पडून राहायचा. पुढं उत्तर यायचं नाही.

पिंजऱ्यात समोर रोहतकचा गडी होता, वयानं लहान, हातानं जड. पण सुरुवातीच्या फेऱ्या समर्थच्याच झाल्या. शेवटच्या फेरीत रोहतकवाल्यानं खाली पडल्यापडल्या त्याचा हात दोन्ही मांड्यांत पकडला. घाईत पकडला. पकड ढिली होती. कोपर जरासं फिरवलं असतं तर हात ओल्या साबणासारखा निसटला असता.

"काढ, समऱ्या, काढ!" सायखेडा ओरडत होतं.

समर्थनं मान वळवली. जाळीबाहेर कॅमेरावाला वाकला होता. भिंगात समर्थचा स्वतःचाच चेहरा चिमुकला दिसत होता. त्या चेहऱ्याच्या पलीकडं सटाणा होतं. सटाण्यात माजघर होतं. माजघरात मांडीवर लेक घेऊन, मोबाईल धरून कोणी बसलं होतं.

त्यानं मोकळा हात उचलला आणि थाप मारली. एकदा, दोनदा, तीनदा. भिंगातून नीट दिसावी अशी.

ढोल मध्येच थांबले.

खोलीत परतल्यावर वस्ताद कात्रीनं पट्टी कापत होते.

"दमला होता तो," ते म्हणाले. "अन् हात अडकलाच नव्हता तुझा."

समर्थनं दुसरा हात पुढं केला.

"पट्टा पुन्हा मिळायचा नाय, बाळा."

"माहीत आहे, वस्ताद. पण आता ती येईल."

कात्री थांबली. वस्तादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला.

उद्या सकाळच्या एस्टीनं येईल, असा हिशेब मनात धरून समर्थ मागच्या फाटकातून बाहेर पडला. ऊन उतरलं होतं. आणि फाटकापाशी, रिक्षातून उतरून, पदरानं लेकीचं तोंड पुसत संजना उभी होती.

सटाणा किती लांब आहे, हे तो विसरूनच गेला.

"आलीस?" त्यानं विचारलं.

"आले."

"बघितलंस ना?"

"कुठलं बघते! दुपारच्याच गाडीत बसलो आम्ही. देवळ्याला कांद्याच्या ट्रॅक्टरांत अडकली मेली. आणि मोबाईल हिनं कार्टून बघून बंद पाडला." ती धापा टाकत होती, हसत होती. "आत्ता तुमच्या टेम्पोवाल्यांना विचारलं, तर सगळ्यांनी माना खाली घातल्या. रुसलेत माझ्यावर."

समर्थनं टेम्पोकडं बघितलं नाही.

"रुसू देत. चूक माझीच," ती म्हणाली. "अटी घालून कुठं संसार होतो? मोडेल पण हात आपटणार नाही, असा म्हणूनच तर पसंत केला होता तुम्हाला. बाबांना सांगून आले, ह्यांची ही शेवटचीच लढत असेल, मला जाळीजवळ उभं राहायचंय. वाटभर एकच भीती होती." तिनं त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. "माझ्यासाठी थाप नाही ना मारलीत?"

समर्थनं पेंगुळलेल्या हर्षालीला तिच्या कडेवरून घेतलं.

"नाही," तो म्हणाला. आयुष्यातली दुसरी थाप.