न धुतलेलं झबलं

ऋतिका उंदरांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. रोज पिल्लं आईपासून तोडायची, काही तासांनी परत ठेवायची. मोठ्या झालेल्या त्या उंदरांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक किती चढतं, मेंदूत काय बिघडलंय, ते बघायची. पिल्लांना उचलण्याआधी हातमोजे त्यांच्याच पिंजऱ्यातल्या भुशात घासायचे, असा तिथला नेम. परका वास आला तर आई पिल्लाला जवळ घेत नाही. आज बोरिवलीच्या घरी तिची आई मस्कतहून कायमची परतली. तिथे घरकामाला गेली तेव्हा ऋतिका अंगावर पीत होती. "ये गो बाय," आई म्हणाली. वाढवणाऱ्या मावशीने मागून ढकललं, तरी ऋतिकाला काहीच वाटेना. आईने बॅगेतून एवढंसं झबलं काढलं. "तुझाच ह्या. कधी धुवूक नाय मी." ऋतिकाने ते हुंगलं. कसलाच वास नव्हता. तिने दोन्ही तळवे झबल्यावर घासले, मग आईला हात लावला.