सातानंतर थेट दहा

“एकाहत्तर,” दिवेवाले म्हणाले.

डॉक्टरबाईंनी कागदावर फुली मारली. शंभरातून सात वजा करायचे, उरतील त्यातून पुन्हा सात, असं खाली खाली यायचं, एवढाच प्रश्न होता. शेजारी बसलेली लेक त्या फुलीकडे बघत राहिली. वडील एकटे राहायचे. गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालूच राहिला होता. यापुढे त्यांनी आपल्या घरी, आपल्या मर्जीने राहायचं की नाही, ते आज या कागदावर ठरणार होतं.

“बासष्ट. त्रेपन्न. चव्वेचाळीस.” दिवेवाले मजेत होते. अडखळणं नाही, बोटांवर मोजणं नाही. “पस्तीस. सव्वीस.”

“मी सात म्हटलं, हे नऊ वजा करतायत,” डॉक्टर हळूच लेकीला म्हणाल्या. “आणि पहिलं उत्तर तर कुठल्या कुठे गेलंय.”

“सतरा. दहा. एक. संपलं.”

लेक ताठ बसली. सतरा आणि मग दहा? नऊच वजा करायचे तर आठ यायला हवे होते. वडिलांनी आठाला चक्क बगल दिली होती. आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

“डॉक्टर, ती फुली खोडा. बाबांनी तीस वर्षं हवामान खात्याचं गणकयंत्र सांभाळलंय. कपाटाएवढं धूड होतं. त्याचे दिवे वाचायचे, म्हणून सगळे यांना दिवेवालेच म्हणायचे. त्या दिव्यांची मोजणी आठाची. आठ आणि नऊ हे आकडेच नाहीत, सातानंतर थेट दहा. मला आठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा म्हणाले, आता तू दहाची झालीस. तिथला शंभर म्हणजे आपले आठ आठे चौसष्ट. त्यातून सात गेले, सत्तावन्न. म्हणजे सात वेळा आठ आणि वर एक. एकाहत्तर.”

डॉक्टरांनी कागद उलटा केला आणि गणित मांडलं. पन्नास म्हणजे सहा वेळा आठ, वर दोन. बासष्ट. त्रेचाळीस म्हणजे पाच वेळा आठ, वर तीन. त्रेपन्न. सतरापर्यंत प्रत्येक उत्तरातल्या दोन आकड्यांची बेरीज आठ येत होती. एकही चूक नव्हती.

“मला हे कागदावरही धड जमत नाहीये,” त्या हसून म्हणाल्या, “आणि यांनी तोंडी केलं.” त्यांनी फुली खोडून पूर्ण गुण दिले.

वडिलांसाठी लेकीने आपल्या घरातली मागची खोली आवरून ठेवली होती. ती रिकामीच राहणार, याचा आपल्याला इतका आनंद होईल असं तिला वाटलं नव्हतं.

“पण काका, प्रश्न तर साधा होता,” डॉक्टरांनी विचारलं. “आठाने का मोजलंत?”

“मशीनरूममध्ये आणखी कशाने मोजणार?” दिवेवाले उठून उभे राहिले. “मशीन ठीक आहे, मॅडम. तुमची तपासणी झाली असेल तर निघतो मी. शाळा सुटली असेल. मुलगी लहान आहे माझी. फाटकापाशी एकटी उभी राहिली की रडवेली होते.”

लेकीने वडिलांची पिशवी उचलली आणि त्यांचा हात धरला.

“चला,” ती म्हणाली. “मीही त्याच बाजूला निघालेय.”