देमोदरचा वळसा

"काठी घेऊन आलायस, म्हणजे आज पोरीची धडगत नाही," देमोदरचे स्टेशनमास्तर गुणसेकर म्हणाले.

"काठीशिवाय चालता येत नाही, मास्तर महत्तया," पेरियण्णन म्हणाला आणि फलाटाच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला.

कारखान्यातल्या यंत्रात सापडून त्याचा पाय अधू झाला, तेव्हापासून घर तवमणीच्या मजुरीवर चाले. ती चहाच्या मळ्यात पाला खुडायची. एकुलती एक पोर, आई नाही, आणि तिने जीव लावला तो बदुल्ल्याच्या बेकरीतल्या सुगतवर. हे तमिळ, तो सिंहली. गेल्या रविवारी सुगत दारात आला, तर पेरियण्णनने त्याची सायकल बडवून काढली. पुन्हा दिसलास तर जिवंत सोडणार नाही, हे सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

आज पहाटे तवमणी गुपचूप घरातून गेली. शेजारणीने फोडलं, दोघं कोलंबोला पळतायत. देमोदरला सगळेच ओळखीचे, म्हणून पोरगी बसने खाली बदुल्ला शहरात जाऊन गाडीत बसली होती. हुशार खरी. पण गोऱ्या साहेबांनी चहासाठी घातलेला लोहमार्ग एकच, आणि तो तिच्याच मळ्यावरून वर चढतो. त्याला ती काय करणार?

"माझ्या फलाटावर तमाशा नको हं," गुणसेकर म्हणाले. "पोरगी सज्ञान आहे."

"गाडी येऊ दे."

देमोदरला बदुल्ल्याची गाडी आधी खालून जाते. फलाटाच्या बरोबर पायाखालच्या बोगद्यात शिरते, मग अख्ख्या टेकडीला वळसा घालून वर येते. उतरणीवरून पोरंटोरं पळत जाऊन तिला गाठतात. पेरियण्णनला ते जमणार नव्हतं.

खाली झाडीतून निळी गाडी निघाली. चढावर ती रमतगमतच येते. तिसऱ्या डब्याच्या दारात तवमणी उभी होती, तिचा हात धरून सुगत. तिने वर पाहिलं. पेरियण्णनने काठी उंच धरून जोरजोरात हलवली. तिने झटकन डोकं आत घेतलं आणि गाडी बोगद्यात गेली.

फलाट पायाखाली थरथरला.

"पाहिलं तिने मला," पेरियण्णन म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला. "महत्तया, गाडी जरा धराल का?"

"मारामारीसाठी? मुळीच नाही."

"मारामारी कसली हो." त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. "कदिरकामच्या मुरुगनची विभूती. दोघांच्या कपाळाला लावतो आणि जा म्हणतो. सकाळी उठलो तर भात झाकून ठेवलेला, पाणी भरलेलं, माझी गोळी वाटीत काढून ठेवलेली. पळून जाणारी पोर असं करते का? मलाच माझी लाज वाटली. आणि तिला थंडीत दमा लागतो. धण्याचं गरम पाणी द्यायचं, हे त्या पोराला कोण सांगणार?"

गुणसेकर त्याच्यासमोर आले. मग त्यांनी टोपी काढून कपाळ पुढे केलं. "चिमूटभर मलाही लाव. तो देव आम्हा सिंहलींचाही आहे. आणि मी सोडल्याशिवाय गाडी हलत नाही. ड्रायव्हर बोंबलू दे."

ते वडेवाल्याकडे वळले. "चार वडे बांध रे, गरम बघून. आमच्याकडे सोयरीक आहे."

"तुम्ही कोणाकडचे?" वडेवाल्याने विचारलं.

"मुलाकडचा. दुसरं कोण आहे त्याला इथे?"

पेरियण्णन चक्क हसला. सदऱ्याची बटणं त्याने नीट लावली, केसांवरून हात फिरवला आणि तिसरा डबा जिथे लागतो तिथे लंगडत जाऊन उभा राहिला. जीभ पुन्हा दगा देऊ नये म्हणून बोलायचं ते मनात घोळवू लागला.

गाडी वळसा घालून आली. तिसऱ्या डब्यातून सुगत उतरला, दोन्ही पिशव्या घेऊन. पेरियण्णन त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिला.

सुगतने पिशव्या खाली टाकल्या.

"आता काय मारायचं ते मारा," तो म्हणाला. "'मी सापडलेच नाही तर अप्पा तुला तरी सोडतील,' एवढंच बोलली आणि बोगद्याच्या काळोखात माझ्या हातातून हात सोडवून घेतला. मी ओरडत होतो, पण त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? उजेड आला तेव्हा ती दारात नव्हती, डब्यातही नव्हती."