रेघेच्या अलीकडे

वार्डाची हद्द दाखवणारी फक्कीची पांढरी रेघ नाल्याच्या काठाकाठाने येत होती, ती गोजरबाईच्या परसात येऊन थांबली. फक्कीचा डबा हातात घेऊन समितीतले नीळकंठ गुरुजी तिथेच उभे राहिले. रेघ सरळ नेली तर गोजरबाईचं घर नाल्याच्या अलीकडे, भगवानरावांच्या वार्डात पडत होतं. आणि तिची सगळी माणसं, जाऊ, नणंद, भिशीच्या बाया, सारी वस्ती नाल्यापलीकडे.

“बाई, तुमच्या घराला वळसा घालून घेऊ,” गुरुजी हळूच म्हणाले. “जरासा तर फरक. कोण पाहून राह्यलं?”

पाहत होती एकजण. शेजारच्या ओट्यावर भगवानरावांची बायको शारदा तूर पाखडत बसली होती. तिचं सूप थांबलं.

भगवानराव या गावाचे जुने कारभारी. मोताळ्याला तहसिलीत जाणारा वार्डांचा नकाशा दर खेपेला त्यांच्याच बैठकीत, चहा पिता पिता ठरायचा. भाकरी मोडावी तसे नाल्यापलीकडच्या वस्तीचे तीन तुकडे तीन वार्डांत जायचे, आणि वस्तीचा माणूस कुठूनच निवडून यायचा नाही. नळाची पाइपलाइन नाल्यापर्यंत आली, ती नाला ओलांडायचं काही नाव घेत नव्हती. एकदा जागा बायकांसाठी राखीव झाली, तेव्हा भगवानरावांनी शारदाला उभं केलं. सही तिची, कारभार यांचा.

यंदा गोजरबाई भरल्या ग्रामसभेत उभी राहिली. ज्याला निवडून यायचंय त्यानेच वार्ड पाडायचे, म्हणजे मांजराने दुधाचे वाटे करायचे, असं ती तोंडावर बोलली. गावाची वेगळी समिती करा म्हणाली. समितीत बसेल त्याने येती निवडणूक लढवायची नाही, त्याच्या घरातल्यानेही नाही. टाळ्या पडल्या, ठराव झाला. सभेला आलेले नायब तहसीलदारही म्हणाले, आराखडा रीतसर असेल तर मी तोच पुढे पाठवतो.

मग भगवानराव उठले. आवाजात साखर घोळून म्हणाले, “मंग समितीत पह्यलं नाव गोजरबाईचं लिहा. एवढी इमानदार बाई गावात दुसरी हाय कोन?”

गोजरबाईला डाव कळला. वस्तीतून यंदा तीच उभी राहणार होती. घरोघरी जाऊन तिने बायांची मनं वळवली होती, नवऱ्याचे टोमणे ऐकून घेतले होते. आता नाही म्हणावं, तर अट घालणारीच पळाली म्हणून समिती तिथेच मोडणार. हो म्हणावं, तर आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घ्यायचा. भगवानराव मिशीत हसत होते.

“हाव,” ती म्हणाली. “लिहा माहं नाव.”

त्या दिवशी घरी येऊन ती रडली. दुःखापेक्षा रागानेच जास्त रडली.

समितीने ठरवलं, नाला हीच हद्द, म्हणजे पलीकडची वस्ती एकाच वार्डात राहील. आणि आता ही रेघ. उभं राहणं तर गेलंच होतं, आता वस्तीच्या माणसाला मत देणंही जाणार. गोजरबाईने परसाकडे पाहिलं, पलीकडच्या घरांकडे पाहिलं. गुरुजी म्हणत होते तो वळसा खरंच छोटा होता. पण वस्तीचे तुकडे करणारा पहिला वळसाही असाच छोटा असणार, कुणाच्या तरी घरासाठी, कोण पाहतंय म्हणून घातलेला.

“गुरुजी, सरळ घ्या.”

“अहो, पण बाई...”

“आज माह्या घरासाठी वाकली, तं उद्या कोनाच्याबी घरासाठी वाकन. आना तो डबा इकडं.”

तिने डबा घेतला आणि परसाच्या मागून, नाल्याच्या काठाने, स्वतःच्या हाताने फक्की सोडत गेली. ओट्यावरचं सूप बराच वेळ थांबलेलंच होतं.

हरकती ऐकायच्या दिवशी पंचायतीसमोरच्या निंबाखाली गाव जमलं. नायब तहसीलदारांनी नकाशा टेबलावर पसरला. भगवानराव तयारीनेच आले होते.

“साहेब, या बाईनं सोताचं पाहून रेघ मारली. मले हे मंजूर नाही.”

साहेबांनी विचारलं, “बाई, यात तुमचं घर कुठलं?”

गोजरबाईने पुढे होऊन बोट ठेवलं. “हे. नाल्याच्या अलीकडचं. भगवानभाऊच्या वार्डातलं.”

साहेबांनी नकाशा पाहिला, मग भगवानरावांकडे पाहिलं. “मग हरकत कशाची आहे?”

भगवानरावांनी हरकतीचा कागद घडी करून खिशात घातला. पण हार मानतील तर ते भगवानराव कसले! खाली बसता बसता त्यांनी टोमणा मारलाच. “काय कमावलं बाई? उभं राह्यनं गेलं, आन् वस्तीबी गेली.”

“अट याच इलेक्शनपुरती हाय, भाऊ,” गोजरबाई म्हणाली. “पाच वर्सं काय, पाहता पाहता जातीन. मंग मी आपल्याच वार्डातून उभी राहीन. आन् पह्यलं मत मागाले तुमच्याच घरी येईन.”

बाया हसल्या. भगवानरावही हसले, जरा जास्तच मोठ्याने.

“मागाले कायले येतं वं बाई?” मागून शारदाचा आवाज आला. “माहं मत तं मी त्या दिशी ओट्यावर बसल्या बसल्याच तुले देऊन टाकलं.”