शेजारची धाप

बायको वारली आणि रोज धावायला जाणारा मुकुंद अंथरुणातून उठेचना. मग त्याची बहीण शर्वरी रोज सकाळी रंकाळ्याकाठी धावू लागली. धावल्यावर मनाला येणारा हलकेपणा दोघांच्या कानामागे बसवलेल्या चकत्यांमधून थेट मुकुंदच्या मनात उतरायचा; तिला उरायचा नुसता थकवा. मुकुंद सावरला, शर्वरी मात्र कोमेजत गेली.

"आज तू बस, तुझ्यासाठी मी धावतो," तो म्हणाला.

खिडकीशी बसलेल्या शर्वरीला खरंच हलकं वाटू लागलं. पण त्यासोबत कुणीतरी अगदी खेटून धावत असल्याची धापही जाणवली. तिनं घाबरून फोन लावला.

"दादा, तुझ्याबरोबर कोण आहे?"



"तुझी वहिनी," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर मी धावणं सोडलं होतं गं."